सुतक कुणाचं धरायचं?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नातेवाईक आज या सभागृहात मोजकेच आहेत. बाकीचे आपण सगळे त्यांचे विद्यार्थी, सहकारी, वाचक. ते गेले तेव्हा आपल्यापैकी कुणालाही सुतक लागलं नव्हतं. तरी दर वर्षी आपण येतो, आणि नुसत्या शिष्टाचारापोटी येतो असं मला वाटत नाही. या नात्याचा विचार करता करता आजचा विषय सुचला. शोक, ओळख आणि आपलेपणा यांचा साहित्याने आणि तत्त्वज्ञानाने कसा विचार केला, हा विषय एका संध्याकाळी आटोपणारा नाही. मी त्यातला एकच धागा हाती घेतो: आपण कुणाचं सुतक धरतो, आणि कुणाचं धरत नाही.

महाभारतातल्या स्त्रीपर्वापासून सुरुवात करू. युद्ध संपलं आहे. गांधारीने दिव्यदृष्टीने रणभूमी पाहून एकेक प्रेत ओळखलं आहे, नुसती आपली मुलंच नव्हेत तर अभिमन्यू, द्रोण, जयद्रथ, सगळे. दहन आटोपून लोक गंगेवर आले आहेत आणि गेलेल्यांना पाणी देण्याचं काम चालू आहे. अशा वेळी कुंती पुढे होते आणि मुलांना सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. आयुष्यभर ज्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं, ज्याला आपल्याच हातांनी मारलं, त्याची खरी ओळख पांडवांना कळते ती तर्पणाच्या वेळी. युधिष्ठिर हंबरडा फोडतो. मग तो कर्णाच्या बायकांना बोलावून घेतो आणि त्यांच्यासह त्याला पाणी देतो. शांतिपर्वाच्या आरंभी हे सगळे शुद्धीसाठी महिनाभर नगराबाहेर गंगाकाठी राहिलेले दिसतात. त्या महिन्यात कर्णाचंही सुतक आलं.

कर्णाचा जन्म कुठे झाला, कवचकुंडलं कुणी दिली, यावर आपण पुष्कळ बोलतो. मला मात्र वाटतं की कर्ण कौंतेय ठरतो तो गंगेच्या पाण्यात. जिवंतपणी जे मिळालं नाही ते ओंजळभर पाण्याने मिळालं, आणि फार उशिरा मिळालं. इरावती कर्व्यांनी 1967च्या ‘युगान्त’मध्ये या माणसांकडे देव किंवा खलनायक म्हणून न पाहता कुळाच्या, नात्यांच्या जाळ्यात सापडलेली माणसं म्हणून पाहायला शिकवलं. समाजशास्त्रज्ञ बाईंनी नात्यांचा अभ्यास जन्मभर केला होता; कोण आपलं आणि कोण परकं हे घराघरात कसं ठरतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आपल्याकडे ते कसं ठरत आलं, हे पाहायचं असेल तर काशीनाथ उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ उघडावा. पंढरपुरात राहणाऱ्या या पंडिताने 1790च्या सुमारास तो पुरा केला आणि पुढे महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या घरोघरी तो राहिला. त्यातलं आशौचाचं, म्हणजे सुतकाचं, प्रकरण वाचताना नात्यांचा नकाशाच समोर ठेवल्यासारखं वाटतं. सपिंडांना, म्हणजे एका पिंडाच्या नातलगांना, दहा दिवस. काहींना तीन, काहींना एक, काहींना नुसती आंघोळ. आईबाप गेले तर लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस, कारण ती आता दुसऱ्या घरची. संन्यासी गेला तर सुतकच नाही. त्याने संन्यास घेतानाच स्वतःचं श्राद्ध स्वतः उरकलेलं असतं. आणि जो पतित ठरला त्याच्यासाठी मनुस्मृतीपासून एक विधी सांगितला आहे: माणूस जिवंत असतानाच सपिंडांनी गावाबाहेर जमायचं, त्याच्या नावाने पाण्याचा घडा लवंडायचा, आणि एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. पुढे त्याच्याशी बोलणं, बसणं-उठणं बंद.

हे सगळं क्रूर म्हणून बाजूला टाकणं सोपं आहे, पण त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. शोक हा एकट्याने करायचा नसतो, त्याला घर लागतं, माणसं लागतात, ठरलेले दिवस लागतात, हे या व्यवस्थेने ओळखलं होतं. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलंभात आणून द्यायचा, यात फार मोठी समज आहे. खोट आहे ती यादीत. त्या यादीबाहेर जे राहतात त्यांच्यासाठी कुणी रडायचं?

लग्न झालेल्या मुलीला शास्त्राने तीन दिवस दिले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचा. आई गेली, माहेर तुटलं, आता वाटेकडे कुणी डोळे लावून बसत नाही, हे दुःख बायकांनी पहाटे दळता दळता जन्मभर गायलं. तीन दिवसांचा हिशेब तिथे कुणी मानला नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला पहिलं सांगणं हेच की ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतो आहेस. शके 1212, म्हणजे 1290 साली, नेवाशाला त्या अध्यायावर ज्ञानदेवांनी मराठीत जे निरूपण केलं ते अतिशय कोवळं आणि तरीही ठाम आहे. येणं-जाणं हा भास आहे, आत्म्याला मरण नाही. ‘अमृतानुभवा’त तर दोनपणाच उरत नाही, मग कुणी कुणासाठी रडावं?

हे लिहिणारा मुलगा कुणाचा होता ते विसरू नका. परंपरा सांगते की वडील विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले, आळंदीने त्यांना वाळीत टाकलं, आणि प्रायश्चित्त म्हणून नवराबायकोने देह टाकला. मागे राहिलेली चार मुलं संन्याशाची पोरं म्हणून शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत गेली. मघाच्या नकाशात या पोरांची जागा शोधा. बाप शास्त्राच्या लेखी आधीच मेलेला, मुलं कुठल्याच जातीत नाहीत. त्यांनी कुणाचं सुतक धरायचं, आणि ती गेली तर त्यांचं कोण धरणार?

शके 1218च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचं वर्णन करणारे ‘समाधी’चे अभंग परंपरेने नामदेवांच्या नावे आहेत. माझ्या मते मराठीतलं हे पहिलं मोठं शोककाव्य. नामदेव जातीने शिंपी. समाधीची जागा झाडून स्वच्छ केली ती त्यांच्या मुलांनी, नारा, विठा, गोंदा, महादा यांनी. घरात माणूस गेल्यावर घरच्या पोरांनी करायचं काम शिंप्याच्या पोरांनी केलं. आणि निवृत्तिनाथ! ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिलं ते गुरू, थोरले भाऊ, ज्यांना आत्मा अमर असल्याचं वेगळं सांगायची गरज नव्हती, ते धाकट्या भावाला हाताला धरून आत नेतात, बाहेर येतात, शिळा लागते, आणि त्यांचा बांध फुटतो. बाकीचे संत त्यांची समजूत काढतात. त्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठलही शोक करतो. अद्वैत खोटं पडलं असं नामदेव कुठेही म्हणत नाहीत. ते फक्त रडणाऱ्याला रडू देतात, आणि त्याच्याशेजारी उभे राहतात.

मला इथे साहित्याचं काम स्पष्ट दिसतं. तत्त्वज्ञान शोक करणाऱ्याला समजावतं, त्याला मार्ग दाखवतं. साहित्य त्याचं सुतक धरतं. महाभारतकारांनी तरी दुसरं काय केलं? ज्या ग्रंथात युद्धाआधी गीता येते त्याच ग्रंथात युद्धानंतर स्त्रीपर्व येतं. गीता सांगून झाल्यावर स्त्रीपर्वाची गरज उरत नाही असं त्या कवीला वाटलं नाही.

कार्तिकातल्या त्या त्रयोदशीला आळंदीला अजूनही नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं. भर दुपारी बाराला घंटानाद होतो, फुलं उधळली जातात. एका वर्षी मी त्या गर्दीत होतो. शेजारी मराठवाड्यातून दिंडीबरोबर आलेली एक वयस्क बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. डोळे पुसत ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “एकवीस वर्साचं लेकरू हो.” तिने माउली म्हटलं नाही, महाराज म्हटलं नाही. सातशे वर्षांपूर्वी गेलेला तो मुलगा तिच्या घरातला होता.

पण याच नामदेवांच्या गोष्टीत पुढे चोखोबा येतात, आणि तिथे मला सरळ पुढे जाववत नाही. शके 1260च्या सुमारास, म्हणजे 1338 साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि वेठीला धरलेली माणसं खाली गाडली गेली. चोखामेळा त्यांत होते. ढिगाऱ्यातली हाडं कुणाची कोणती हे ओळखणार कसं? कथा सांगते की नामदेवांनी हाडं कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती उचलून पंढरपूरला आणली. जन्मभर ज्यांच्या स्पर्शाला लोक बाजूला झाले त्यांची हाडं एका शिंप्याने छातीशी धरून आणली, एवढंच त्या कथेतलं मी घेतो, आणि ते मला पुरतं. पण समाधी कुठे बांधली? महाद्वारासमोर, बाहेर. नामदेवांची पायरी दाराशी, चोखोबा त्या पायरीच्याही अलीकडे. ज्या देवळात ते जिवंतपणी जाऊ शकले नाहीत त्याचे दरवाजे त्यांच्या लोकांसाठी उघडले ते साने गुरुजींनी मे 1947मध्ये उपोषण केल्यावर. सहाशे नऊ वर्षं. संतांनी चोखोबांचं सुतक धरलं; देवळाने धरलं नाही, गावाने धरलं नाही. शोकाने माणसं जोडली जातात हे खरं, पण तेवढ्याने भिंत पडत नाही हेही इथे दिसतं. चोखोबांच्या बायकोने, सोयराबाईने, विटाळाचाच प्रश्न तत्त्वज्ञासारखा मांडला: देहाची उत्पत्तीच विटाळातून होते, मग विटाळाशिवायचा देह कुणाचा आहे? हा युक्तिवाद कुठल्याही दर्शनग्रंथात शोभला असता. आमच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात मला तो कधी भेटला नाही.

हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही. सोफोक्लिसच्या नाटकात राजा क्रेऑन एका भावाला सन्मानाने पुरतो आणि दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर टाकायला लावतो. त्यांची बहीण अँटिगनी त्याच्यावर माती टाकते आणि त्यासाठी जीव देते. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी 2004च्या ‘प्रिकेरियस लाइफ’मध्ये हाच प्रश्न युद्धाच्या संदर्भात विचारला: कोणती आयुष्यं शोक करण्याजोगी मानली जातात आणि कोणती मोजलीच जात नाहीत? त्यामुळे तत्त्वज्ञान फक्त सांत्वन करतं असं म्हणून मी त्याच्यावर अन्याय करणार नाही. आणि 2020-21च्या कोविडच्या साथीत आपणही हे पाहिलं. मुलाला बापाचं तोंड बघता आलं नाही, आणि ज्यांची ओळखपाळख नाही अशा स्वयंसेवकांनी, कित्येकदा वेगळ्या धर्माच्या, गेलेल्याच्या रीतीप्रमाणे त्याचं सगळं केलं. त्या स्वयंसेवकांची नावं कुठल्या सपिंडांच्या यादीत बसतात?

आता मी ज्या पुस्तकापाशी थोडा जास्त वेळ थांबणार आहे ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आपण ते त्यातल्या खेळकरपणासाठी वाचतो. मला ते अलीकडे शोकाचं पुस्तक वाटू लागलं आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घरात घ्यायचं. त्या सोवळ्याचा उगम लक्ष्मीबाईंनी सांगितला आहे तो 1857च्या धामधुमीत वडिलांचे सासरे फासावर गेले त्यात. म्हणजे एका मरणाचं दुःख त्या घरात विटाळाच्या भीतीचं रूप घेऊन राहिलं, आणि मुलं त्यात वाढली. अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांना दिली, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आता लक्ष्मीबाईंची स्थिती पाहा. कपाळावर कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, नवरा धडधाकट आहे. घर मात्र सुतकात असल्यासारखं. विधवेला निदान रीत असते, दिवस असतात, लोक येऊन बसतात. या बाईंचं काय गेलं आहे ते सांगायला कुणाकडे विधी नव्हता. त्या लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. कविता करायला लागल्या, त्याही विरहाच्या. शास्त्राने ज्या शोकाला नाव दिलं नव्हतं त्याला त्यांनी पद्यात जागा केली.

पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या त्याही आपली जात सांभाळून. नवरा-बायको जवळ, पण यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. हे पाण्याचं भांडं मला ‘स्मृतिचित्रे’तली सगळ्यांत बोलकी वस्तू वाटते. नवऱ्यावरचं प्रेम कमी नव्हतं. पण त्या भांड्याला इतरांचा हात लागू दिला तर आई, बाप, बहीण, जलालपूर, सगळं हातचं जाईल. धर्मांतरावर चर्चा करणारे लोक मतं मोजतात, ग्रंथ मोजतात. लक्ष्मीबाई सांगतात की माणूस आपल्या लोकांना धरून असतो तो पाण्याच्या भांड्यापाशी. मग विचार करता करता एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की हा भेद देवाने केलेला नाही, माणसानेच केला आहे, आणि ते भांडं मोकळं झालं. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात अनाथ झालेली मुलं त्यांच्या घरात आली, वाढली. जिला नवऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या घरात आता कुणाची कोण असा हिशेब राहिला नाही.

आणि त्यांनी मागचं काय टाकलं? भाषा टाकली नाही, अभंग-ओवी टाकली नाही. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, जिला लग्नाच्या वेळी धड लिहिता-वाचता येत नव्हतं त्या बाईने. हे त्यांचं दहा दिवसांत न संपलेलं सुतक. ओळख बदलते म्हणजे जुनं कातडं फेकून दिलं जातं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे घर पाहावं.

शेवटी बाबासाहेब आंबेडकरांकडे येतो. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्यांच्या पत्नी रमाबाई गेल्या. रमाबाईंना पंढरपूरला जायची फार इच्छा होती. जिथे आपल्या लोकांना बाहेर उभं राहावं लागतं तिथे न जाता आपण दुसरी पंढरी निर्माण करू, असं बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं होतं. रमाबाईंच्या जाण्यानंतर बाबासाहेबांनी स्वतःला कोंडून घेतलं, ते लहान मुलासारखे रडले, डोक्याचं मुंडण केलं, विरक्तासारखे कपडे घातले, असं धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवलं आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. या दोन घटनांमध्ये कार्यकारण जोडायचं मी टाळतो. त्या घोषणेमागे अनेक वर्षांचा अनुभव आणि विचार होता. पण बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका पाहा. 1940चा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा संपूर्ण राजकीय ग्रंथ, आकडे आणि नकाशे असलेला, रामूच्या, म्हणजे रमाबाईंच्या, स्मृतीला अर्पण आहे. 1948चा ‘द अनटचेबल्स’ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला. विठ्ठलाला ज्यांनी नाकारलं त्यांनी महाद्वाराबाहेरच्या चोखोबांना नाकारलं नाही. ज्यांचं सुतक देवळाने धरलं नव्हतं त्यांना ग्रंथाच्या पहिल्या पानावर जागा मिळाली.

14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक अशी आहे की मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. सुतकाच्या सगळ्या नकाशावरच ती घाव घालते. पिंड नाही तर सपिंड कोण? मग या लोकांनी शोक कसा करायचा? त्याचं उत्तर त्यांनी घडवलं. आज बौद्ध घरांत जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, त्रिसरण-पंचशील होतं, गेलेल्या माणसाविषयी लोक उभे राहून बोलतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी किसा गोतमीची कथा घेतली आहे. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागते, आणि बुद्ध तिला जिथे कुणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात. मोहरी प्रत्येक घरात होती, मरणही होतं. आपण तिचा अर्थ अनित्यता एवढाच लावतो. पण बुद्धांनी तिला गाथा ऐकवण्याआधी लोकांच्या दारांशी पाठवलं. ती दारोदार विचारत गेली आणि प्रत्येक घराने तिला आपलं मेलेलं माणूस सांगितलं. तत्त्वज्ञानानेच इथे माणसं बोलावली.

7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता रचली गेली. मुंबईत त्यांच्या हातून जो दीक्षाविधी व्हायचा होता तो राहून गेला होता. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच, चितेच्या साक्षीने, जमलेल्यांना दीक्षा दिली. कीर तो आकडा लाखावर सांगतात. जगाच्या इतिहासात अंत्ययात्रा पुष्कळ झाल्या. स्मशानात आलेली माणसं नवी ओळख घेऊन परत गेली, असं फार थोड्या वेळा घडलं असेल.

दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जी गर्दी होते तिच्याविषयी शहरातले काही लोक अजूनही वाहतुकीच्या भाषेत बोलतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. कधी शिवाजी पार्कच्या मैदानात जाऊन पुस्तकांच्या दुकानांपाशी उभे राहा. विदर्भातून रात्रभर रेल्वेने, बसायला जागा न मिळता आलेला माणूस पिशवीतून जपून पैसे काढतो आणि पुस्तक विकत घेतो. कुणी मुलीच्या अभ्यासाचं, कुणी बाबासाहेबांच्या भाषणांचा खंड, कुणी गीतांची पुस्तिका. बाबुराव बागुलांनी ‘मरण स्वस्त होत आहे’ असं नाव 1969 साली आपल्या कथासंग्रहाला दिलं. ज्यांचं मरण इतकं स्वस्त धरलं गेलं त्यांची मुलं इथे शोकाच्या दिवशी ग्रंथ विकत घेतात. मराठी प्रकाशकांनी, ग्रंथपालांनी, साहित्य महामंडळाने या दिवसाकडे आपल्या साहित्यव्यवहाराचा मोठा दिवस म्हणून पाहायला हवं. आळंदीची त्रयोदशी आणि दादरचा 6 डिसेंबर या दोन्हींचा अभ्यास एकाच वर्गात, एकाच अभ्यासक्रमात व्हायला हवा, ही माझी मागणी आहे; आणि इथे बसलेल्या प्राध्यापक मित्रांकडे ती मी जाहीरपणे करतो आहे.